सेटअप तयार, सही बाकी

इलेक्ट्रॉन म्हणजे वेब पेजच्या भाषांत डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन. त्यावर ॲप बनवणं अवघड नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येत असलं की झालं. क्रोमियम (ब्राउझर) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आत तयार मिळतात. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटरसुद्धा त्यावरच उभा आहे. कोल्हापुरातल्या एका गुळाच्या आडत पेढीसाठी मी पट्टी-पावतीचं ॲप असंच केलं.

अडलं ते सहीवर. सेटअपवर, म्हणजे ॲप बसवायच्या फाइलवर, कोड सायनिंगची (ॲप कोणाचं हे सांगणारी डिजिटल) सही नसली की विंडोज इशाऱ्याची निळी खिडकी दाखवतं, आणि पेढीवरचे दिवाणजी फोन करतात, "साहेब, व्हायरस तर न्हाई न्हवं?" आधी 'मोअर इन्फो', मग 'रन एनीवे' दाबा, हे किती जणांना सांगत बसणार?

म्हणून या सहीसाठी लागणारं सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं. पैसे विक्रेत्याने लगेच घेतले. मग पडताळणी. फर्मच्या नावात जीएसटीच्या कागदावर 'अँड' आणि बँकेच्या कागदावर नुसतं चिन्ह, म्हणून नाव जुळेना. ते निस्तरलं तर फोन नंबर. मी दिलेला चालत नाही म्हणे, त्यांना तो सार्वजनिक यादीत सापडायला हवा. सापडेना. चॅटवर दर वेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं पुराण सांगायचं. शेवटी त्यांच्यातलाच एक म्हणाला, सीएच्या लेटरहेडवर फर्म आणि फोन खरा असल्याचं पत्र चालेल. आमच्या सीएंनी चहा संपायच्या आत सही करून दिलं. हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहायला यांचं काय जात होतं? तुम्ही ते पत्र आधीच तयार ठेवा.

१ जून २०२३ पासून सहीची गुप्त डिजिटल किल्ली सुरक्षित हार्डवेअरवरच ठेवायचा नियम आहे, त्यामुळे ती ठेवायचं यूएसबी टोकन कुरिअरने येईपर्यंत आणखी वाट. बिल्ड (कोडपासून सेटअप तयार करणं) क्लाउडवर होत असेल तर टोकन घेऊ नका, क्लाउड सायनिंग (टोकनशिवाय ऑनलाइन सही) मागा. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं.

एवढं करून निळी खिडकी आलीच! ही खिडकी दाखवणाऱ्या विंडोजच्या स्मार्टस्क्रीनचा विश्वास डाउनलोड वाढतील तसा बसतो. पण 'अननोन पब्लिशर'च्या जागी आमच्या फर्मचं नाव होतं. खोटं कशाला बोलू, स्क्रीनशॉट घरी सगळ्यांना दाखवला.

हां, सही करताना टाइमस्टॅम्प सर्व्हर (सही कधी केली याची नोंद देणारा) द्याच, नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपली की जुन्या सेटअपची सहीही बाद. आणि प्रिंटचा डायलॉग न येता पावती निघायला हवी असेल तर इलेक्ट्रॉनच्या प्रिंट फंक्शनमध्ये 'सायलेंट' ट्रू करा. मॅकसाठी ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर आणि नोटरायझेशन (ॲपलकडून ॲपची तपासणी) वेगळं. दिवाणजींकडे मॅक नाही, सुटलो.