वापरलेले अणुइंधन आणि थकणारा द्रावक

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनाला सरसकट ‘अणुकचरा’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. साधे पाणी वापरणाऱ्या भट्टीच्या अशा इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियमच असते, १ टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम तयार झालेले असते आणि खरी राख म्हणावी अशी, विखंडनातून जन्मलेली मूलद्रव्ये ४ टक्क्यांच्या घरात असतात.

हे घटक वेगळे करण्याची जगभर रूढ असलेली पद्धत म्हणजे प्युरेक्स. तिच्यातले विरघळवणे तुलनेने सरळ आहे. काही वर्षे पाण्याखाली निववलेल्या इंधनकांड्यांचे तुकडे तप्त नायट्रिक आम्लात टाकले, की आतला ऑक्साइड विरघळतो आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची आवरणे मागे उरतात. कसोटी लागते ती त्यानंतर.

या आम्लाबरोबर ट्रायब्युटाइल फॉस्फेट हा सेंद्रिय द्रावक घुसळतात. ते नुसतेच वापरले तर दाट आणि जवळजवळ पाण्याइतकेच जड असल्यामुळे नीट वेगळे होत नाही, म्हणून डोडेकेनसारख्या हलक्या तेलात त्याचे प्रमाण साधारण ३० टक्के ठेवतात. घुसळण थांबली की तेल वर येते, आम्ल खाली बसते. युरेनियम आणि चतुःसंयुजी (म्हणजे चार इलेक्ट्रॉन गमावलेले) प्लुटोनियम तेलात गेलेले असतात, तर सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मंडळी आम्लातच राहतात. मग क्षपण करून, म्हणजे इलेक्ट्रॉन परत देऊन, प्लुटोनियमच्या प्रत्येक अणूला केवळ एक इलेक्ट्रॉन द्यायचा. त्रिसंयुजी झालेले प्लुटोनियम तेलाला धरून ठेवता येत नाही, ते पुन्हा आम्लात उतरते, आणि मागे राहिलेले युरेनियम पुढे अगदी सौम्य आम्लाने काढून घेता येते. एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीवर उभी असलेली ही फारकत मला या साऱ्या रसायनशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

मात्र द्रावकाचे हाल कोणी फारसे सांगत नाही. किरणोत्साराच्या माऱ्याने ट्रायब्युटाइल फॉस्फेटचे रेणू तुटतात आणि डायब्युटाइल फॉस्फेट तयार होते, जे प्लुटोनियम व झिर्कोनियमला इतके घट्ट पकडते की ते वेळेवर सुटतच नाहीत. म्हणून वापरून झालेला द्रावक सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊनच पुन्हा चक्रात घ्यावा लागतो. हाच द्रावक तीव्र नायट्रिक आम्लासोबत जास्त तापला, तर त्यातून ‘लाल तेल’ या नावाने ओळखले जाणारे स्फोटक मिश्रण बनते, आणि तापमान १३० अंश सेल्सिअसपलीकडे जाऊ न देण्याचा दंडक त्याच धास्तीतून आला आहे. रशियातील तोम्स्क-७ येथे ६ एप्रिल १९९३ रोजी युरेनियमचे द्रावण असलेली टाकी फुटली, ती सेंद्रिय द्रव्य आणि तीव्र आम्ल यांच्या अशाच अभिक्रियेमुळे.

अमेरिसियम आणि क्युरियम ही दीर्घायुषी मूलद्रव्ये या द्रावकाच्या हाती लागत नाहीत. ती विखंडनाच्या राखेबरोबर बोरोसिलिकेट काचेत, म्हणजे कचरा गोठवून ठेवण्याच्या टिकाऊ काचेत, जातात. त्यांना वेचून काढण्यासाठी डायग्लायकोलअमाइड वर्गातील द्रावकांवर काम चालू आहे. ते केवळ कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे बनलेले असतात, आणि निकामी झाल्यावर जाळले तर त्यांचा वायूच होतो. ट्रायब्युटाइल फॉस्फेट जाळल्यावर मात्र फॉस्फरसचा किरणोत्सारी अवशेष सांभाळत बसावे लागते.