रिपोर्ट नॉर्मल, पाऊल मात्र सावकाश

सोमवारची ओपीडी. टेबलावर ठेवलेल्या रिपोर्टवर टीएसएच २.१. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हा हॉर्मोन थायरॉईड कमी पडलं की वाढतो, जास्त झालं की उतरतो. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या पेशंटकडून याहून बरा आकडा मागायचा तरी कुठला? पण समोर बसलेल्या बाईंशी तो आकडा जुळेना. जुलैचा दमट उकाडा, बाहेर रांगेतली माणसं कागदाने वारा घेत होती, आणि यांनी खुर्ची पंख्याखालून बाजूला ओढून घेतली. डोळ्यांभोवती सूज, आवाज घोगरा, बोलणं संथ. वय ४९. वजन कायम ६२ असायचं, ते ६६ भरलं. नाडी ५६, रक्तदाब १४०/९६. खालचा आकडा वर सरकणं ही थायरॉईड कमी पडल्याची खूण असू शकते. रक्तदाबाची गोळी लिहायच्या घाईत ती निसटते.

"ताई, या खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोऱ्या बसा. पावलं बाहेर लोंबती सोडा."

टाचेच्या मागे जी जाड कंडरा असते, तिच्यावर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन मागे गेलं. ते परत आलं मात्र सावकाश, लोण्यातून हात ओढून घ्यावा तसं. दुसऱ्या पायाचंही तेच. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आणि फुकट. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचा हॉर्मोन, कमी असलं की स्नायू सैल पडायला वेळ लागतो, तो डोळ्यांना दिसतो. पाऊल सांगत होतं थायरॉईड कमी आहे, कागद म्हणत होता सगळं ठीक.

आधीचं सांगतो. नऊ वर्षं हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटलेली; गेली चार-पाच वर्षं थायरॉक्सिनच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर स्थिर. हिशोबही बरोबर बसतो: ग्रंथीचं काम जवळपास संपलेलं असेल तर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६२ किलोला ९९. फेब्रुवारीत त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला: टीएसएच ०.२१, एफटी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) २.३, त्याची लॅबची वरची मर्यादा १.७. डोस जास्त होतोय असं समजून मी १०० चे ७५ केले. पेशंटला न बघता, फोनवर. एप्रिलच्या रिपोर्टमध्ये टीएसएच १.० आला, मला वाटलं जमलं. चार-पाच वर्षं एका डोसवर स्थिर असलेल्या बाईंना, वजन तेवढंच असताना, तो डोस अचानक जास्त का व्हावा, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

"घरातल्या सगळ्या गोळ्या आणल्यात का?"

आणल्या होत्या. कापडी पिशवी टेबलावर रिकामी झाली. थायरॉईडची बाटली, कॅल्शियमची पट्टी, ॲसिडिटीची अर्धी पट्टी आणि गुलाबी झाकणाचा एक डबा.

"हे काय?"

"ते औषध नाही हो डॉक्टर, केसांची जीवनसत्त्वाची गोळी आहे. ऑनलाइन मागवली."

डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत: बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. शिवाय लोह आणि झिंक. मोठ्या माणसाची बायोटिन या जीवनसत्त्वाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. ऑक्टोबरमध्ये बाईंना डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात. पण मुठीमुठीने केस हातात आले की धीर कोण धरणार? डिसेंबरपासून ही गोळी रोज सकाळी चालू होती, थायरॉईडच्या गोळीच्याच घोटाबरोबर.

लॅबला फोन करून पद्धत विचारली. टेक्निशियन जाणता होता, लगेच म्हणाला, "सर, आपलं यंत्र बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवालं आहे."

काय होतं ते सांगतो, कारण आपल्याकडे हा भाग गोळी लिहिणाऱ्यांनाही फारसा माहीत नसतो. या यंत्रांत टीएसएच मोजताना तो दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडतात. एका अँटीबॉडीला बायोटिनचं शेपूट असतं, दुसरीला चमकणारी खूण. शेपूट स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) लावलेल्या कणांना चिकटतं, बाकीचं धुऊन टाकतात आणि उरलेली चमक मोजतात. रक्तातच भरमसाट बायोटिन असेल तर ते कणांवरच्या जागा आधीच अडवतं. पकडलेला टीएसएच धुण्यात वाहून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. एफटी४ ची पद्धत उलट आहे, तिथे चमक कमी म्हणजे हॉर्मोन जास्त, म्हणून तो खोटा जास्त येतो. दोन्ही चुका एकाच दिशेला बोट दाखवतात: थायरॉईड जास्त. ग्रेव्हज, म्हणजे थायरॉईड जास्त होण्याचा आजार, त्याच्या अँटीबॉडीची तपासणी याच तंत्राने केली तर तीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे तिन्ही रिपोर्ट एकमेकांची री ओढतात आणि निरोगी माणसाला थायरॉईड दाबणारी निओमर्काझोल सुरू व्हायची वेळ येते. सगळी यंत्रं अशी नसतात, म्हणून लॅबला पद्धत विचारायची. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल सूचना काढली होती. आमच्या तालुक्यात ती पोचली नसली तरी गुलाबी झाकणाचे डबे पोचलेत.

वर त्याच गोळीतलं लोह आणि झिंक. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणजे एका डब्याने दोन कामं केली: रिपोर्ट खोटा केला आणि खरा डोसही खाल्ला. त्यावर मी ७५ केले. थायरॉईड कमी पडलं, केस आणखी गळले, बाईंनी केसांची गोळी आणखी निष्ठेने घेतली.

केसांची गोळी त्याच दिवशी बंद केली. या मात्रेला दोन-तीन दिवस थांबलं की पुरतं; किडनी कमजोर असेल तर जास्त थांबावं लागतं. गुरुवारी सकाळी रक्त घेतलं, थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर. ती आधी घेतली तर एफटी४ दोन-चार तास चढलेला दिसतो. संध्याकाळी रिपोर्ट आला: टीएसएच २४.६, एफटी४ ०.७.

इथे हात शिवशिवतात की १२५ लिहून टाकावेत. तसं केलं नाही. लोह बाजूला केल्यावर त्याच गोळीतून जास्त औषध अंगात उतरणार होतं. वर डोसही वाढवला असता तर दोन महिन्यांत गाडी दुसऱ्या टोकाला गेली असती. ईसीजी काढला, जिना चढताना छातीत दुखतं का ते विचारलं. दोन्ही ठीक, म्हणून एका पायरीत १०० वर परत. साठी ओलांडलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या पेशंटला असं करत नाही, तिथे १२.५ किंवा २५ ने, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने चढायचं.

वेळेचा प्रश्न जास्त अवघड. गोळीनंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नको, चहासुद्धा नको. आपल्याकडे सहाचा चहा म्हणजे घराचा कणा, तो हलवायला सांगितला तर हलते ती गोळी. झोपताना घेता येते, पण जेवणानंतर तीन तास हवेत; नऊला जेवून साडेदहाला आडवं होणाऱ्या घरात ते बसत नाही.

"पहाटे जाग कधी येते?"

"साडेचारला नळाला पाणी येतं, तेव्हा उठतेच."

मग गोळी तिथेच, हंडा लावून. साध्या पाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, मध्ये चार तासांहून जास्त अंतर पडतं. ॲसिडिटीची गोळी गरज असेल तेव्हाच. बाटली गॅसच्या ओट्यावरून कपाटात, झाकण घट्ट. ऊन, वाफ आणि दमट हवा या गोळीला सोसत नाहीत. आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर मला कळवायचं, सहा आठवड्यांनी टीएसएच बघायचा.

बाराव्या दिवशी फोन. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही. लगेच बोलावलं. नाडी १०४, नियमित. एवढ्या लवकर १०० ने असं होऊ नये. बाटल्या पाहिल्या तर दोन निघाल्या. मी म्हणालो होतो "७५ ऐवजी १००". घरी ७५ च्या जोडीला १०० सुरू झाली होती, कारण जुन्या बाटलीत साठेक गोळ्या शिल्लक होत्या आणि चिठ्ठीवर जुनी बंद करा असं मी लिहिलंच नव्हतं. रोज १७५. ईसीजीत ठोके नियमित होते, छातीत दुखत नव्हतं. या औषधाचं अर्धायुष्य सात दिवसांचं, म्हणून तीन दिवस गोळीच नको, मग एकटी १००. चार दिवसांत कंप गेला. ७५ ची बाटली तिथल्या तिथे माझ्या टेबलावर ठेवून घेतली. आता डोस बदलला की चिठ्ठीवर जुना आकडा लिहून त्यावर काट मारतो आणि पेशंटकडून नवा आकडा मोठ्याने वदवून घेतो.

या मधल्या गोंधळानंतर लगेच टीएसएच करण्यात अर्थ नव्हता. पिट्युटरीला नव्या डोसशी जुळवून घ्यायला सहा ते आठ आठवडे लागतात. सप्टेंबरअखेरीस ६.३. तरीही डोस वाढवला नाही, आकडा उतरतीवर होता आणि बाई पंख्याखाली बसल्या होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला २.७, वजन ६३, रक्तदाब १२६/८०, रक्तदाबाच्या गोळीशिवाय. हातोडी मारली तर पाऊल गेलं तसं परत आलं.

उठताना दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "केस थोडे गळतायत अजून. ती गोळी परत सुरू करू का?"

म्हटलं, केसांचं चक्र मंद असतं, थायरॉईड जागेवर आल्यावरही काही महिने लागतात. बायोटिन अंगात कमी पडणं फार विरळा, त्या डब्याने काही होईल असं मला वाटत नाही. घ्यायचीच असेल तर दुपारच्या जेवणानंतर, आणि रक्त देण्याआधी तीन दिवस बंद.

त्यांनी डोकं हलवलं. मी लॅबच्या चिठ्ठीवर तपासणीच्या नावाखाली लिहिलं: बायोटिन घेतात का, विचारून मगच रक्त घ्या.