३६६ पानं, १७ खाडे

माझ्या चार वह्यांमधली १७ पानं कोरी आहेत. वर कोपऱ्यात तारीख, खाली एक-दोन शब्द, बाकी काही नाही. उरलेल्या ३४९ पानांवर चित्रं आहेत. २०२४ मध्ये वर्षभर रोज एक चित्र काढायचं मी ठरवलं होतं. ते लीप वर्ष होतं, म्हणून बेरीज ३६६. वह्या चाळताना लोक कोरं पान पटकन उलटतात. मी मात्र कुणी रोज चित्र काढायचं म्हणत असेल तर त्याला आधी तीच पानं दाखवते.

नियम मी वर्ष सुरू व्हायच्या आदल्या रात्री पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवले होते. पोस्टकार्डाएवढं पान. एकच काळं पेन, पाणी लागलं तरी न पसरणाऱ्या शाईचं. खोडरबर नाही. समोर असेल तेच काढायचं, फोटोवरून नाही आणि आठवूनही नाही. वेळ कमीत कमी पाच मिनिटं.

पाच मिनिटं हा आकडा विचार करून ठरवला होता. त्याआधी दोनदा मी रोज तासभर चित्र काढायचा नेम धरला होता आणि दोन्ही वेळा तो महिन्याच्या आत मोडला. तास सापडणार नाही असा दिवस लगेच उजाडतो. पाच मिनिटंसुद्धा सापडली नाहीत असे दिवस वर्षात किती आले, ते आता वहीत लिहिलेलं आहे.

पहिला खाडा १३ फेब्रुवारीला पडला. अंथरुणाला पाठ टेकली आणि थेट सकाळी जाग आली. उठल्या उठल्या मनात आलं की आज दोन चित्रं काढू, एकावर कालची तारीख घालू, कुणाला कळणार आहे? पेन उघडलंही होतं. तेव्हा तेहचिंग श्ये आठवला.

हा तैवानमध्ये जन्मलेला कलाकार. न्यूयॉर्कमध्ये ११ एप्रिल १९८० ते ११ एप्रिल १९८१ असं पूर्ण वर्ष तो दिवसरात्र दर तासाला हजेरीच्या यंत्रात कार्ड घालत होता. प्रत्येक वेळी फिल्मची एक चौकट टिपायची. सुरुवातीला त्याने डोकं भादरलं होतं, त्यामुळे त्या फिल्ममध्ये केस वाढत जाताना दिसतात. एकूण ८,७६० वेळा हजेरी लावायची होती, त्यातल्या १३३ चुकल्या. त्याने त्या लपवल्या नाहीत, कारणांसकट मांडल्या: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा वेळेआधीच कार्ड घातलं. मला त्या कामातला सर्वांत सुंदर भाग हा हिशेबच वाटतो. त्या १३३ मुळे उरलेल्या सगळ्यांवर विश्वास बसतो.

मी पान कोरं ठेवलं. तारीख घातली, खाली ‘झोप’ लिहिलं आणि पुढच्या पानावर त्या दिवसाचं चित्र काढलं.

याच्या उलट टोकाला जपानी चित्रकार ऑन कावारा आहे. त्याने ४ जानेवारी १९६६ पासून तारखांची चित्रं रंगवायला घेतली. एका रंगाच्या पार्श्वभूमीवर फक्त त्या दिवसाची तारीख. चित्र मध्यरात्रीपर्यंत पुरं झालं नाही तर ते नष्ट करायचं. त्याची मध्यरात्र मी घेतली, नष्ट करणं घेतलं नाही. माझ्याकडचं एकही पान फाडलेलं नाही, अगदी वाईट चित्राचंही.

आणि वाईट पुष्कळ आहेत. पेल्याचं तोंड काढताना मी दोन्ही टोकांना डोळ्यासारखे कोपरे काढत होते. लंबवर्तुळाला कोपरा नसतोच, रेघ तिथेही वळतच असते. तो वळवायला मला चाळीसेक पानं लागली. मग लक्षात आलं की पेल्याचा तळ मी सपाट रेघेने टेकवते आहे. आपण वरून बघत असलो तर तळाची गोलाई तोंडापेक्षा जास्त उघडी दिसते, कारण तळ नजरेच्या आणखी खाली असतो. हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण हाताला ते एप्रिलमध्ये समजलं. खुर्ची काढताना खुर्ची सोडून दिली आणि पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढले, तेव्हा कुठे ती जमिनीवर उभी राहिली.

मे महिन्यातली चित्रं मला आजही आवडतात. ऑगस्टमधली त्यांच्यापेक्षा कच्ची आहेत. मला वाटतं, तोवर नजर हाताच्या पुढे गेली होती. चुका आधीही होत्या, आता दिसायला लागल्या होत्या. याच महिन्यात एका कोऱ्या पानावर ‘नको वाटलं’ असं लिहिलेलं आहे. बाकी खाड्यांना सबब तरी आहे: सहा वेळा झोप, तीनदा ताप, दोनदा प्रवास, दोनदा चक्क विसरले, तीनदा आईचं आजारपण. ‘नको वाटलं’ मात्र एकच, आणि ते लिहायला मला सगळ्यांत जड गेलं. दुसऱ्या दिवशी मी दोन मिनिटं पेन हातात धरून बसले आणि मग दाराच्या कडीचं चित्र काढलं.

सवयींवरचं एक संशोधन मला तेव्हा आधाराला आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा त्यांचा हिशेब निघाला, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे अंदाजाने काढलेले). आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसं काही बिघडत नव्हतं.

कागदाबद्दल एकच सांगते. पहिली वही ८० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या, पातळ कागदाची) घेतली आणि शाई मागच्या बाजूला उतरली. दुसरीपासून १६० जीएसएम घेतला.

ऑक्टोबरमध्ये आई अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. वही माझ्या पिशवीत असायची. सलाइनचा स्टँड काढला, नळीतला थेंब काढायचा प्रयत्न केला, पडद्याच्या कड्या काढल्या. एका रात्री तिचा हात काढायला घेतला. मागच्या बाजूला चिकटपट्टी, तिच्याखाली सुई, वर आलेल्या शिरा. आई जागी झाली.

“काय लिहितेस गं?”

“लिहीत नाहीये, तुझा हात काढतेय.”

तिने वही जवळ घ्यायला लावली आणि बराच वेळ बघितलं. म्हणाली, “हा माझा नाही. माझा अंगठा वाकडा आहे.”

खरंच आहे. लहानपणी दारात सापडून तो वरच्या पेरापाशी बाहेर वळलेला आहे. शेचाळीस वर्षं मी तो हात ओळखते, नऊ महिने रोज ‘समोर असेल तेच’ काढत होते, आणि कागदावर सरळ अंगठा उतरला होता. मी त्याच पानावर शेजारी पुन्हा काढला. ती जागी राहिली, हात उशीवर तसाच ठेवून.

त्या पानानंतर मी पाच मिनिटांतली पहिली दोन नुसतं बघण्यात घालवायला लागले. नोव्हेंबर-डिसेंबरची चित्रं त्यामुळे रेघांनी कमी भरलेली आहेत.

३१ डिसेंबरला चौथ्या वहीत १८ पानं उरली. ती मी आईच्या हातांसाठी ठेवली आहेत. आतापर्यंत सात झाली. ती खिडकीशी बसते, हात मांडीवर ठेवते आणि थोड्या वेळाने विचारते, “झालं का?”

“अजून थोडंच. अंगठा हलवू नकोस.”