आईचे दात घासताना : डिमेन्शियातली तोंडाची निगा

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाचं जेवण, आंघोळ, औषधं यांचं वेळापत्रक घरात हळूहळू बसतं. दात मात्र मागे राहतात. दुसऱ्याने आपल्या तोंडात ब्रश घालावा हे धडधाकट माणसालाही नको असतं. इथे तर समोरचा कोण आणि त्याच्या हातातली काडी कशासाठी, हेच उमगत नाही. माझ्या आईला अल्झायमर आहे, डिमेन्शियाचाच एक प्रकार. वर पूर्ण कवळी, खाली स्वतःचे काही दात. तिचं तोंड धुणं मी आणि तिला सांभाळायला येणाऱ्या ताई मिळून करतो.

ब्रश लहान मुलांचा घ्यावा, मऊ केसांचा. मोठा ब्रश दाढांमागे नेताना टोचतो आणि उबळ येते. आईला स्वतः धरता यावा म्हणून दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवली आहे. पेस्ट फ्लोराइडचीच हवी. वेष्टनावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा आहे ना, ते पाहावं. बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. चूळ टाकता येत असेल तर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, गिळून टाकत असेल तर ब्रशवर नुसता पुसट थर. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना फेसानेच ठसका लागतो, म्हणून फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट मिळाली तर बरी.

राखुंडी, लाल मंजन, मशेरी बंद. हिरडी मागे सरून उघडी पडलेली मुळं खरखरीत पुडीने झिजतात, कोरडी पूड श्वासात जाते, आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. पण त्या जुन्या सवयीचा एक फायदा उठवता येतो. ब्रश अनोळखी झाला तरी बोटाने दात घासणं हाताच्या लक्षात असतं. आई ब्रशकडे नुसती बघत राहिली की तिच्याच बोटावर थोडी पेस्ट लावतो. बोट आपसूक तोंडात जातं. दोन-चार फेर झाले की पुढचं काम ब्रशने आपण करायचं.

बेसिनवरचा आरसा झाकून टाकला आहे. आरशातली बाई कोण, या धास्तीने कित्येक रुग्ण तिथे टिकत नाहीत. शिवाय उभं राहण्यापेक्षा खुर्ची बरी: पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, गळ्यात पंचा, पुढ्यात तस्त. दाढा नीट दिसाव्यात म्हणून मान मागे टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाणी आणि लाळ श्वासनलिकेत उतरते आणि तोंडातले जंतू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला उशा लावून शक्य तितकं उठतं करावं. ते जमत नसेल तर कुशीवर वळवावं.

दिवसातून दोनदा व्हावं हे खरं. एकदाच शक्य असेल तर मी रात्रीची वेळ धरेन, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना तेवढं संरक्षण राहत नाही. मात्र दिवेलागणीला अस्वस्थ होणाऱ्या माणसाचं जेवण लवकर उरकून, चित्त थाऱ्यावर असतानाच ब्रश करून घ्यावा.

जवळ जायचं ते समोरून, आणि डोळ्यांच्या पातळीला बसून. एका वेळी एकच वाक्य बोलावं. ‘आई, आ कर, हलू नको, आता चूळ भर’ ही सरबत्ती ऐकून तोंड घट्ट मिटतं. ब्रश तिच्या हातात देऊन तिच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि पहिला फेर आपण सुरू करायचा. बऱ्याचदा पुढचे फेर ती स्वतः करते. नाहीच झालं तर समोर बसून आपणही दात घासावेत, बघून नक्कल होते. जी माणसं हात धरून ठेवतात त्यांच्या हातात दुसरा ब्रश किंवा नॅपकिन द्यावा. राग चढला की मी बाजूला होतो आणि थोड्या वेळाने ताई नव्याने सुरुवात करतात. चेहरा बदलला की मघाचं भांडण विसरलं जातं. जबरदस्तीने एक दिवस दात स्वच्छ होतील, पण नंतर ब्रश दिसला तरी ओरडा होतो.

सुरुवात बाहेरच्या बाजूने करावी. दात मिटलेले असले तरी गाल थोडा ओढून ती बाजू घासता येते. केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवून छोटे गोल फेर द्यायचे. मग चावायची बाजू, आतली सगळ्यात शेवटी. दातांच्या मध्ये आपलं बोट कधीही घालू नये. गॉज गुंडाळलेलं असलं तरी नाही. ब्रश चावून धरला तर हिसकू नये. ओढाओढीत दात तुटतो. गालावरून हात फिरवत थांबलं की जबडा सैल पडतो. बरेच दिवस न घासलेल्या हिरड्यांतून पहिले काही दिवस रक्त येतं. ते सुजेमुळे येतं. ब्रश थांबवला तर सूज वाढते. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर दाखवून यावं.

शेवटी फक्त थुंकायचं, खळखळून चूळ नको. फ्लोराइड धुऊन जातं. थुंकता येत नसेल तर ओल्या गॉजने दातांची बाहेरची बाजू आणि ओठांच्या आतला भाग पुसून घ्यावा. गिळणाऱ्या माणसाला माउथवॉश देऊच नये. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक सांगितलं असेल तर ते ब्रशने लावावं, तेही पेस्टनंतर अर्ध्या तासाने. दातांवर तपकिरी डाग पडतात, त्याने घाबरू नये.

जेवणानंतर गालाच्या कोपऱ्यात बघायला हवंच. भात, चहात बुडवलेलं बिस्किट तिथे तासन्‌तास साठून राहतं. गोड सिरपऐवजी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. तोंड कोरडं पडणं पुष्कळदा औषधांमुळे असतं. नैराश्यासाठीचं अमिट्रिप्टिलीन किंवा लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर तसं बोलून घ्यावं.

कवळी रात्री काढायचीच. ती साध्या साबणाने आणि वेगळ्या ब्रशने धुवावी, पेस्टने ओरखडे पडतात. धुताना तस्तात पाणी भरून ठेवावं, निसटली तरी फुटत नाही. गरम पाण्याने ती वाकडी होते, म्हणून गार पाण्यात बुडवून ठेवावी. टाळू लालभडक दिसली तर बुरशीची शंका घ्यावी. कवळी नॅपकिनमध्ये गुंडाळून कचऱ्यात जाणं फार सहज घडतं. दंतवैद्याकडून तिच्यावर नाव घालून घ्यावं.

दुखतं हे आई सांगत नाही. ते एकाच बाजूने चावणं, गरम-गार ढकलून देणं, कवळी नाकारणं, गाल धरणं, एरवी शांत असताना अचानक चिडणं यातून कळतं. तोंड उघडायला नवा नकार सुरू झाला की आधी दात, हिरड्या तपासाव्यात, स्वभावाला दोष नंतर. आजार नवा असतानाच दंतवैद्याकडून सगळे दात पाहून घेतले तर पुढची धावपळ वाचते; उशिरा गेलं की खुर्चीत बसवणंच कठीण होतं. जाताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं यांची यादी न्यावी, कारण दात काढायच्या निर्णयावर त्यांचा परिणाम होतो. ड्रिल सहन होत नसेल तर किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे पातळ औषध लावता येतं. सुई नको, आवाज नाही, कीड बहुतेकदा तिथेच थांबते. किडका भाग मात्र काळा पडतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर भेटायला आलेला प्रत्येक नातेवाईक विचारतो, यांचे दात काळे कशाने पडले.