खड्ड्यातलं पाणी

मुळशीतल्या त्या प्लॉटचा माती अहवाल मीच काढला होता. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं ठीक. तरी आंब्याची रोपं माना टाकत होती. निवृत्तीचे पैसे त्या जागेत घातलेले काका फोनवर म्हणाले, "मॅडम, खत वेळेवर देतोय हो. एकदा येऊन बघा ना."

दिवाळीच्या तोंडावर गेले. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते, तरी खड्ड्यांच्या तळाशी पाणी. एक रोप उपटलं. मुळं खड्ड्याच्या भिंतीला घासत गोल फिरलेली, टोकं काळी, कुजका वास. बाहेर पहार मारली तर वीतभर खाली खणकन वाजली. खडक नव्हता, मातीच होती. प्लॉटिंग करताना उतार सपाट केला, वरची माती खरवडून भरावात लोटली आणि उरलेल्या ओल्या मातीवरून रोलर फिरवला.

कुंपणापलीकडे गावाची देवराई. तीच तांबडी माती, तोच पाऊस. गुरवांना विचारून कडेचा नमुना घेतला. तिथे नमुना घ्यायचं नळकांडं हातानं दाबलं तरी अर्धं आत गेलं. प्लॉटवर हातोडा लागला. काकूंनी डब्यासोबत आणलेल्या दोन ग्लासांत पाणी घेऊन एकेक सुकं ढेकूळ सोडलं. देवराईच्या ढेकळातून बारीक बुडबुडे आले, पण ते तसंच बसून राहिलं. प्लॉटचं मिनिटभरात विस्कटलं, पाणी गढूळ झालं. काका किती तरी वेळ त्या ग्लासांकडे बघत होते.

प्रयोगशाळेत नमुने 105 अंशांवर 24 तास वाळवले. घन सेंटिमीटरला देवराईचं वजन 1.1 ग्रॅम, प्लॉटचं 1.6. मातीच्या कणांची घनता 2.65 धरली, तर पोकळी 58 टक्क्यांवरून 40 वर आलेली. दाबल्यावर आधी मिटतात त्या मोठ्या पोकळ्या, आणि पाणी खाली उतरतं, मुळांना हवा मिळते ती त्यांतूनच. भाताच्या खाचरात आपण चिखलणी करून हेच मुद्दाम घडवतो, कारण भाताला उभं पाणी लागतं. आंबा त्यात गुदमरतो.

मला राग आला तो कागदाचा. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासतात. सामूपासून (मातीची आम्लता, pH) बोरॉनपर्यंत सगळे रासायनिक. माती किती दाबली गेलीय, याला रकानाच नाही. माझ्या अहवालातही नव्हता.

खत थांबवा, चर काढून पाणी बाहेर न्या, उंच वाफ्यांवर नवी रोपं लावा, मधे ताग पेरून गाडा, असं सांगितलं. काकांनी विचारलं, "वरची माती परत आणता येईल का?"

त्या भरावावर आता शेजारच्या प्लॉटचं गेट उभं आहे.