टोपी नीट कर!

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे असे पत्र आले, तेव्हा शाळेने मला काय दिले हे मी सांगावे अशीच संपादक मंडळाची अपेक्षा असणार, हे मी ओळखले. ज्ञान, शिस्त आणि संस्कार यांविषयी माझे वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील, आणि त्यांतल्या काहींना या गोष्टी खरोखर मिळाल्याही होत्या. म्हणून मी माझ्या वाट्याला टोपी घेतो. सत्तरच्या दशकात आमचा गणवेश म्हणजे पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी आणि पांढरी टोपी. यांपैकी सदऱ्याचे बटण तुटलेले चालत असे, चड्डीला ठिगळ चालत असे, पायांत काही नसले तरी कोणी विचारत नसे. परंतु बोडक्या डोक्याने फाटकातून आत शिरलेल्या मुलाकडे गुरुजी असे पाहत, की घरात काही बरेवाईट तर घडले नाही ना, अशी शंका त्या मुलालाच यावी. ही शंका अगदीच निराधार नव्हती, कारण आमच्या भागात सुतकातला माणूसच काय तो उघड्या डोक्याने दिसत असे.

टोपी कधी घालावी या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे सोपे होते: झोप आणि आंघोळ सोडून सदैव. अवघड होते ते कशी घालावी हे. दोन्ही टोके बरोबर नाकाच्या रेषेत, पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे आणि कान मोकळे, ही आदर्श स्थिती. तिच्यापासून जरा ढळले की पीटीचे सर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ‘टोपी नीट कर!’ अशी गर्जना करीत आणि एका मुलासाठी केलेल्या त्या गर्जनेने साठ हात एकदम डोक्याकडे जात. मागे सरकवलेली टोपी आगाऊपणाची समजली जाई. कपाळावर ओढून घेतलेली टोपी पाठांतर न झाल्याची कबुली होती, कारण ती खाली ओढली की गुरुजींची नजर चुकते असा आमचा समज होता. प्रत्यक्षात तिच्यामुळेच गुरुजींना प्रश्न कोणाला विचारायचा ते कळत असे. तिरकी टोपी मात्र केवळ पुढाऱ्यांना आणि नामांकित पैलवानांना शोभते असे ठरलेले होते. आमच्या वर्गात या दोन्ही व्यवसायांचे उमेदवार होते, आणि त्यांनी तिरकेपणाचा सराव पाचवीपासूनच सुरू केला होता.

टोपीची निगा हा स्वतंत्र विषय होता. शनिवारी दुपारी ती धुवायची, निळीच्या पाण्यातून काढायची, भाताच्या पेजेत बुडवायची आणि अर्धवट वाळली की तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने दाबायची. ज्यांच्या घरी कोळशाची इस्त्री होती ते आमच्यातले श्रीमंत. पेज जास्त झाली तर टोपी पुठ्ठ्याची झाल्यासारखी उभी राहत असे आणि पावसात भिजली की कपाळावर चिकट ओघळ येत असत. पेज कमी पडली तर ती दुसऱ्या तासालाच मान टाकी. शिवाय सोमवारी शुभ्र असलेल्या टोपीच्या आतल्या कडेला बुधवारपर्यंत खोबरेल तेलाचा पिवळा पट्टा उमटत असे, आणि त्याच्या रुंदीवरून कोणाची आई डोक्याला किती तेल थापते हे साऱ्या वर्गाला समजत असे.

हा मळ दिसावा यासाठीच टोपी पांढरी आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. वेगवेगळ्या प्रांतांतल्या टोप्या पाहून, घडी करून खिशात ठेवता येते म्हणून गांधीजींनी काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला. मात्र लोकरीऐवजी सुती कापड घेतले आणि रंग पांढरा ठरवला, कारण रंगीत टोपीत घाम जिरतो पण दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ती कोणी धूत नाही, असा त्यांचा विचार त्यांचे सहकारी काका कालेलकर यांनी नोंदवून ठेवला आहे. स्वतः गांधीजींनी मात्र १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला पंचा स्वीकारला आणि टोपीलाही रजा दिली. साऱ्या देशाच्या डोक्यावर टोपी चढवून ते स्वतः एक-दोन वर्षांतच मोकळे झाले होते. आमच्या वर्गाच्या भिंतीवर हा सगळा इतिहास ओळीने टांगलेला होता: जिरेटोपातले शिवाजी महाराज, पागोट्यातले जोतीराव फुले, पगडीतले लोकमान्य, टोपीतले पंडित नेहरू, लष्करी टोपीतले नेताजी, आणि बोडक्या डोक्याचे बाबासाहेब व गांधीजी. ज्यांच्या नावाने टोपी ओळखली जाते त्यांच्याच डोक्यावर ती का नाही, असा प्रश्न एका मुलाने एकदा विचारला. गुरुजी क्षणभर फोटोकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “त्यांचा अभ्यास पूर्ण झाला आहे.”

खरे सांगायचे तर डोके झाकणे हा टोपीचा सर्वांत दुय्यम उपयोग होता. बोरे, चिंचा आणि भुईमुगाच्या शेंगा यांची वाहतूक तिच्यातूनच होई, पाटी तिनेच पुसली जाई, आणि एसटीच्या खिडकीतून आत फेकून जागा धरण्याच्या कामी तिच्यासारखी दुसरी वस्तू नव्हती. रुमालाच्या मालकीवर वाद होत असे; टोपी ज्याच्या डोक्याला बसेल त्याची, हे कंडक्टरलाही मान्य होते. फक्त आत चढेपर्यंत आपण बोडके राहत असू, आणि नेमके तेव्हाच स्टँडवर हेडसर उभे असत.

आठवीत गोंधळ वाढला. इंग्रजीच्या पुस्तकातला साहेब घरात शिरताना टोपी काढून आदर दाखवीत होता आणि त्याच तासाला उशिरा येणाऱ्या मुलाने टोपी काढून आत येण्याची परवानगी मागितली असती, तर त्याला आदराचा धडा वेगळ्या भाषेत मिळाला असता. त्यातच एनसीसीची हिरवी बेरेट आली. नवी बेरेट कोमट पाण्यात भिजवून डोक्यावर चढवायची, उजव्या कानावर ओढायची, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आणायचा आणि आकार धरेपर्यंत ती डोक्यावरच वाळू द्यायची, असे आम्हांला शिकवण्यात आले. तिरकेपणाला प्रथमच सरकारी मान्यता मिळाली होती! उघड्या डोक्याने सलाम करायचा नाही, नुसते सावधान उभे राहायचे, हा सैन्याचा नियमही तेव्हाच कळला; त्यामुळे संचलनात वाऱ्याने बेरेट उडालेल्या एका कॅडेटचा हात अर्ध्यावर अडकला, आणि पाहुणे पुढे जाईपर्यंत तो तिथेच राहिला.

शाळा सुटल्यावर टोपीने माझा पिच्छा सोडला असे नाही. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर, दुखवट्यात पुन्हा टोपी, सत्कारात तर आधीच्या टोपीवर दुसरी टोपी. अशा आहेराच्या टोप्या डोक्याच्या मापाने कधीच घेतल्या जात नाहीत. त्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. आमच्या घरच्या ट्रंकेत त्यांची चळत आहे आणि तिच्यातली एकही घरातल्या कोणत्याच डोक्याला बसत नाही.

आता महोत्सवाच्या दिवशी सर्व माजी विद्यार्थ्यांना कोल्हापुरी फेटे बांधले जाणार आहेत, असे निमंत्रणपत्रिकेवरून समजते. फेट्याचे कापड साडेतीन ते सहा मीटर भरते, बांधणारा कसबी असेल तर तो ते घट्ट बांधतो, आणि आमच्या बॅचमधल्या बहुतेकांच्या डोक्यावर फेटा धरून ठेवण्यासारखे काही उरलेले नसल्याने त्याला ते अधिकच घट्ट बांधावे लागेल. पत्रिकेत अध्यक्षीय भाषणापूर्वी अकरा मनोगते छापलेली आहेत. तेव्हा समितीला नम्र विनंती, की फेटे भाषणे संपल्यावर, जेवणाच्या आधी आणि फोटोपुरतेच बांधावेत. अन्यथा चौथ्या मनोगतापासून सभागृहातली सगळी डोकी दुखू लागतील आणि त्याचा दोष विनाकारण वक्त्यांवर येईल.