तोराचे पट्टे

तोरा घरी आला तेव्हा कोळशासारखा काळा होता. काई जातीच्या कुत्र्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात, जपानीत त्या रंगाला 'तोरागे' म्हणतात. 'तोरा' म्हणजे वाघ. नाव ठरवायला मला एक क्षणही लागला नाही, कारण त्या एवढ्याशा जिवाच्या चालण्यात आपला मराठी तोराही होता!

पण पट्टे कुठे होते? ज्या आजोबांकडून त्याला आणलं ते म्हणाले, "पिल्लं अशीच जन्मतात. वाट बघा." आम्ही जपानमधल्या यामानाशीत राहतो. या प्रांताचं जुनं नाव काई, म्हणून कुत्राही काई. इथल्या डोंगरांत या जातीचा कुत्रा हरीण, रानडुक्कर आणि कामोशिका (शेळीसारखा रानटी प्राणी) यांच्या शिकारीला जायचा. 1934 साली सरकारने या जातीला 'नैसर्गिक स्मारक' म्हणून संरक्षण दिलं.

चौथ्या महिन्यात एका सकाळी तो उन्हात पसरला होता. मागच्या मांडीवर फुंकर घालून केस बाजूला केले, तर काळ्याखाली तांबूस रेघ! बोटभर लांब, जेमतेम दिसेल अशी. मी नवऱ्याला हाक मारून उठवलं.

कानांचं मात्र वेगळंच. एक कान आधी उभा राहिला, मग दुसरा, आणि दुधाचे दात पडू लागले तसा एक पुन्हा खाली आला. मी घाबरले होते, पण दात बदलून झाल्यावर तो आपोआप सावरला. त्या काळात दाराची चौकट कुरतडायचा. ओला फडका पिळून, थंड करून द्यायचे, तो तासभर चघळत बसायचा.

90 दिवस उलटले की 30 दिवसांत नगरपालिकेत नोंदणी आणि रेबीजची लस. ते सोपं. खरी मेहनत पहिल्या चार-पाच महिन्यांत आहे: पंजे, कान, तोंड यांना रोज हात लावायचा, नवी माणसं, सायकली, छत्र्या दाखवायच्या. हा कुत्रा घरच्यांना जीव लावतो, पण परक्याला सहज जवळ करत नाही. तेव्हा जे राहून जातं ते नंतर भरून काढणं फार कठीण.

सातव्या महिन्यात आमच्याकडून चूक झाली. गळपट्टा सैल होता. डोंगराच्या वाटेवर हरणाचा वास आला, तोराने मागे सरकत डोकं वळवलं आणि पट्टा माझ्या हातात राहिला. दोन तास मी त्याच जागी बसून हाका मारत होते. तो चिखलाने माखून परत आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत राहिला. तेव्हापासून ओढला की आवळणारा गळपट्टा, छातीचा पट्टा आणि दोन दोऱ्या. शिकारीचं रक्त आहे, हाकेवर विसंबायचं नाही.

यामानाशीतल्या कोफू शहराच्या खोऱ्यातला उन्हाळा त्याच्या दुहेरी केसांना सोसत नाही. पहाटे पाचला फिरायचं, रस्त्याला हाताची मागची बाजू टेकवून बघायची. मे ते डिसेंबर दर महिन्याला हृदयातल्या जंतांची गोळी, कारण ते जंत डासांमुळे पसरतात. केस कापायचे मात्र नाहीत, गळायच्या दिवसांत रोज विंचरायचे.

आता तो दोन वर्षांचा आहे, वजन पंधरा किलो. पाठ अजून काळीच, पण मांड्या आणि बरगड्या पट्टेरी झाल्यात. काल विंचरताना उजव्या खांद्यावर एक नवी रेघ सापडली.